कच्ची वही

यंदा नाथषष्ठीला भाचा आला होता. षष्ठीला पैठणात घर असणं म्हणजे काय, ते पैठणकरांनाच ठाऊक. दिंड्या, पालख्या, गोदाकाठच्या राहुट्या, आणि आपल्याच ओसरीवर कोण कुणाच्या ओळखीने येऊन झोपलंय याचा पत्ता नाही. भाचा मात्र हक्काचा पाहुणा. तो एका औषध कंपनीत क्यूसीला आहे, म्हणजे औषधाची तपासणी करणाऱ्या लॅबमध्ये. मीही आयुष्यभर तेच केलं. त्यामुळे आम्ही मामा-भाचे बोलायला बसलो की बाकीची मंडळी हळूच उठून जातात.

"मामा, आमची लॅब पेपरलेस झाली," तो म्हणाला.

"म्हणजे वह्या बंद?"

"सगळ्या बंद. आता इलेक्ट्रॉनिक नोटबुक. टॅबवर डायरेक्ट एंट्री. तुमच्यासारखी खाडाखोड नाही, सह्या नाहीत, ऑडिटच्या आदल्या रात्री फायली हुडकत बसणं नाही."

मी म्हटलं, छान. अगदी मनापासून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिने त्याचा शर्ट धुवायला घेतला. धुण्याआधी खिसे तपासायची हिची जुनी सवय (आमच्या घरातलं ऑडिट म्हणा). खिशातून टिश्यू पेपरचा घडी घातलेला तुकडा निघाला. त्यावर बॉलपेनने आकडे होते. १२.४, १२.६, १३.१, १२.५. त्यातल्या १३.१ पुढे दोन प्रश्नचिन्हं.

"अरे, हे काय?"

"काही नाही मामा. वजनकाट्याच्या खोलीत टॅब ठेवायला जागा नाही. शिवाय पाच मिनिटं हात लावला नाही की लॉगआउट होतो. मग आधी हातात येईल त्यावर लिहायचं आणि नंतर जागेवर बसून भरायचं."

"आणि हे तेरा पॉइंट एक?"

"ते चुकलं होतं. परत घेतलं ना."

"ते भरलंस का?"

भाचा हसला. गोड पोरगा आहे, कामाला चोख आहे, खोटं बोलणारा तर मुळीच नाही. पण त्या हसण्यावरून हे सगळं लिहायला बसलो आहे.

*

आधीच सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल की म्हातारा कॉम्प्युटरला घाबरतो. मी कागदाचा भक्त नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीतून पाणी सोडलं आणि गोदावरी पैठणात शिरली, तेव्हा माझी कॉलेजची जर्नलं आणि वीसेक वर्षांच्या डायऱ्या ज्या पेटीत होत्या, त्या पेटीत नंतर फक्त लगदा उरला. कागदाला पाणी लागतं, वाळवी लागते, कसर लागते. वजनकाट्याच्या प्रिंटरमधून निघणारी ती गुळगुळीत थर्मल पट्टी तर काही काळाने आपोआप कोरी होते. म्हणून तिची झेरॉक्स काढायची, झेरॉक्सवर सही करायची आणि दोन्ही वहीत चिकटवायच्या, हा आमचा रोजचा उद्योग होता. एका जुन्या बॅचचा एक आकडा शोधायला चार माणसं दोन दिवस रेकॉर्ड रूमची धूळ खात बसलेली मी पाहिली आहेत. वहीला येणारा तो सुवास, हस्ताक्षराची ऊब वगैरे काव्य मला सांगू नका. मी त्या धुळीने शिंकलेला माणूस आहे.

आणि जग तिकडेच चाललंय. अमेरिकेच्या एफडीएने इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांचा नियम १९९७ मध्येच काढला. 'पार्ट ११' म्हटलं की औषधवाल्यांना पुढचं सांगावं लागत नाही. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० साली अशा नोंदींना कायद्याची मान्यता दिली. अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने ३० जून २०२४ नंतर स्वतःच्या प्रयोगशाळांमध्ये संशोधनाच्या नव्या नोंदी फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच ठेवायच्या असं ठरवलं. तेव्हा कागदी वही जाणार. जाऊ दे.

माझं भांडण वेगळं आहे. इलेक्ट्रॉनिक वही आपल्याकडे फेअर वही म्हणून येते आहे. यायला हवी होती ती कच्ची वही म्हणून. आणि हा फरक ज्यांना क्षुल्लक वाटतो त्यांच्याशीच मला भांडायचं आहे, मग ते सॉफ्टवेअर विकणारे असोत, विकत घेणारे साहेब असोत किंवा कॉलेजातले सर असोत.

*

सुरुवात सरांपासून करू.

सायन्सला गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाने जर्नल नावाची वस्तू लिहिली आहे. उजवीकडे रेघी पान, डावीकडे कोरं. उजवीकडे उद्देश, साहित्य, कृती, डावीकडे पेन्सिलीने आकृती. आता टायट्रेशन आठवा. ब्युरेटमध्ये जांभळं पोटॅशियम परमँगनेट, खाली फ्लास्कमध्ये गरम केलेलं ऑक्झॅलिक ॲसिड, रंगहीन ते फिकट गुलाबी. आधी पायलट रीडिंग, मग तीन रीडिंग आणि शेवटी तो पवित्र आकडा, सी.बी.आर., कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग.

आता छातीवर हात ठेवून सांगा. तुमच्या जर्नलमध्ये तिन्ही रीडिंग तंतोतंत सारखी कशी काय होती?

मी सांगतो. पहिलं आलं ते खरं होतं, बाकीची दोन त्याच्याकडे बघून लिहिली. किंवा पहिलंही शेजारच्याचं होतं. किंवा सगळा प्रयोगच गेल्या वर्षीच्या एखाद्या ताईच्या जर्नलमधून आला, तिच्या स्पेलिंगच्या चुकांसकट. फिजिक्सला तर गणित उलटं चालायचं. पेंड्युलमवरून 'जी' ९८० च्या आसपास यायलाच हवा, म्हणून ९८० पासून मागे जात जात दोलनांची वेळ काढायची. स्टॉपवॉच हातात घ्यायचं ते सर बघतायत म्हणून.

आणि सर? सर लाल पेनने सही करायचे, फेअर जर्नलवर. रफ वही कुठल्याही सरांनी मला कधी मागितली नाही. शेवटी पहिल्या पानावर सर्टिफिकेट, की अमुक विद्यार्थ्याने प्रयोग समाधानकारकपणे पूर्ण केले आहेत. त्यावर विभागप्रमुखांची सही. ती असल्याशिवाय प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसायला मिळत नसे.

मी यात कुणाला वेगळं काढत नाही. मीही तेच केलं आणि माझं अक्षर चांगलं म्हणून माझं जर्नल पुढची तीन वर्षं फिरत होतं. पण बघा काय झालं. सोळाव्या-सतराव्या वर्षी आपण एक गोष्ट पक्की शिकलो. जे खरंच घडलं ते रफमध्ये. साहेबाला दाखवायचं ते फेअरमध्ये. आणि रफ रद्दीत. परमँगनेटची समीकरणं आपण विसरून गेलो, हा धडा मात्र कुणी विसरलं नाही.

*

कारखान्यात लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी एका ज्येष्ठ केमिस्टने माझ्या हातात वही दिली आणि नियम सांगितले. वही बांधलेली, पानांना छापील नंबर. पान फाडायचं नाही. पेन्सिल नाही, व्हाइटनर नाही. जे दिसेल ते त्याच क्षणी लिहायचं. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, शेजारी आद्याक्षरं, तारीख आणि कारण. आणि रेघेखालचा आकडा वाचता आला पाहिजे.

हा शेवटचा नियम मला तेव्हा चमत्कारिक वाटला. चूक खोडायचीच तर ती वाचता कशाला यायला हवी? त्यांनी समजावलं नाही. नुसतं म्हणाले, "कळेल."

पुढे कळलं. रॉबर्ट मिलिकनने तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला, हे आपण सगळे बारावीला शिकलो. १९१३ च्या निबंधात त्याने ५८ थेंबांचे आकडे दिले आणि वर लिहिलं की हे निवडक थेंब नाहीत, त्या साठ दिवसांत ज्यांच्यावर प्रयोग झाला ते सगळे हेच. १९२३ मध्ये नोबेल मिळालं. पुढे कित्येक वर्षांनी अभ्यासकांनी त्याच्या वह्या उघडल्या, तर आत आणखी कितीतरी थेंब! शेजारी कौतुकाचे आणि नापसंतीचे शेरे. त्याने फसवलं, की अनुभवी डोळ्याने बिघडलेले प्रयोग बाजूला काढले, यावर विद्वानांचे वाद झाले. मला त्या वादात पडायचं नाही. मला इतकंच दिसतं की वाद घालता आला, कारण वही शिल्लक होती. मिलिकनने जर फक्त फेअर जर्नल ठेवलं असतं, तर ५८ थेंब आणि एक सुंदर सी.बी.आर. एवढंच आपल्या हाती आलं असतं.

आम्हा पैठणकरांना तर हे शिकायला शिकागोपर्यंत जायचं कारण नाही. नाथांची गोष्ट इथल्या पोरासोरांना माहीत आहे. नाथ देवगिरीला जनार्दनस्वामींकडे हिशेबाचं काम करत होते. एकदा ताळा लागेना, एका पैची चूक. नाथ रात्रभर वह्या घेऊन बसले. पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली आणि स्वामी जागे झाले. मग स्वामी म्हणाले की एका पैची चूक सापडल्याचा इतका आनंद, तर संसारातली चूक सापडेल तेव्हा किती होईल!

कीर्तनकार यातून परमार्थाकडे जातात आणि ते योग्यच आहे. मी पडलो लॅबवाला, मी अलीकडेच थांबतो. पै सापडली, कारण रोजकीर्द जशीच्या तशी शिल्लक होती. एखाद्या व्यवहारी कारकुनाने ती पै किरकोळ खर्चात टाकली असती, ताळा जमवला असता आणि छान झोपला असता. वहीही जास्त स्वच्छ दिसली असती.

त्याच नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून शुद्ध प्रत तयार केली. मूळ ग्रंथाला तेव्हा जवळपास तीनशे वर्षं होत आली होती. नकलेवरून नक्कल होत होती आणि पाठ बिघडत चालले होते. नक्कल करणारे काही दुष्ट नव्हते. कुणाची नजर चुकली, कुणाला एखादा शब्द खटकला म्हणून त्याने 'सुधारला'. प्रत्येक नक्कल दिसायला स्वच्छच असणार. टिश्यूवरून टॅबवर आकडे उतरवणारा माझा भाचाही नक्कलच करतो आहे. आणि जिच्यावरून ताडून बघायचं, ती त्याची मूळ प्रत आमच्या धुण्याच्या बादलीत पडायची थोडक्यात चुकली.

*

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी ज्या कारखान्यात होतो त्याचं नाव लिहीत नाही. माझ्या हाताखाली एक नवा पोरगा होता, बीएस्सी होऊन नुकताच लागलेला. एका गोळीची डिसोल्यूशन टेस्ट त्याच्याकडे होती. सहा गोळ्या सहा भांड्यांत फिरवत ठेवतात आणि ठरलेल्या मिनिटांत प्रत्येकीतलं किती औषध विरघळलं ते मोजतात. पाच ठीक आल्या, सहावी बरीच कमी. त्याने आकडे चिठ्ठीवर लिहिले होते, कारण लॅबची रीतच तशी पडली होती. आधी चिठ्ठी, आकडे 'बसले' की मग वही. चिठ्ठी घेऊन तो माझ्याकडे आला. मी ती आमच्या साहेबांकडे नेली. साहेब म्हणाले, "ढवळण्यात काहीतरी गडबड असेल. परत लाव." परत लावली. सहाच्या सहा पास. चिठ्ठी फाडली, वहीत दुसरे आकडे गेले आणि खाली 'तपासले' म्हणून सही झाली. ती सही माझी.

काही महिन्यांनी त्याच बॅचची तक्रार आली. राखून ठेवलेल्या गोळ्या काढून तपासल्या, त्यातल्या काही कमी भरल्या. चौकशी बसली. वही काढली. वहीत पहिल्या झटक्यात सहाही गोळ्या उत्तम! मग निष्कर्ष सरळ होता, की ॲनालिस्टने टेस्ट नीट केली नाही, बहुतेक न करताच आकडे लिहिले. पोरगा सांगत राहिला की मला पहिल्यांदाच एक गोळी कमी आली होती, मी दाखवली होती. कुठे आहे नोंद? नोंद नव्हती. जी होती ती फाडून आठ महिने झाले होते.

माझ्याकडे सगळ्यांनी बघितलं. माझ्या डोक्यावर घराचं कर्ज होतं, मुलगी पहिलीत होती. मी म्हणालो, "मला आठवत नाही."

पोराची नोकरी गेली. पुढे एकदा संभाजीनगरला (तेव्हा औरंगाबाद) बसस्टँडवर तो लांबून दिसला. मी पेपर तोंडासमोर धरला.

हे वाचून तुम्ही मला जे काही म्हणाल ते मी स्वतःला म्हणून झालं आहे. पण त्या दिवसापासून एक गोष्ट मला स्वच्छ दिसते. आम्हाला शिकवलं होतं की नोंद ही ऑडिटरसाठी असते, कंपनीला वाचवण्यासाठी असते. खरं तर कच्च्या नोंदीची सगळ्यात जास्त गरज असते ती लॅबमधल्या सगळ्यात खालच्या माणसाला. साहेबांना त्यांचा शब्द पुरतो. खालच्या पोराकडे फक्त ते पान असतं. आणि ती गोळी खाणाऱ्या पेशंटकडे तर तेवढंही नसतं.

*

हे काही एका कारखान्याचं दुखणं नाही. २०१३ च्या मे महिन्यात रॅनबॅक्सीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि ५० कोटी डॉलर मोजले. खोट्या आकडेवारीचं ते प्रकरण जगभर गाजलं. त्याच वर्षी आपल्या वाळूजच्या वोक्हार्टच्या कारखान्यातल्या मालाला एफडीएने अमेरिकेत बंदी घातली. पुढे आलेल्या त्यांच्या पत्रात, फाडलेल्या मूळ नोंदी कचऱ्यात सापडल्याचा उल्लेख होता. मी तिथे कधी नोकरीला नव्हतो. तरी ती बातमी वाचताना घसा कोरडा पडला होता. कचऱ्यात सापडलेले ते तुकडे म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, रफ वहीच.

त्यानंतर सगळीकडे एकच मंत्र सुरू झाला, डेटा इंटिग्रिटी. भिंतीवर पाच अक्षरांची पोस्टरं लागली, अल्कोआ. म्हणजे नोंद कुणी केली ते कळलं पाहिजे, ती वाचता आली पाहिजे, त्याच वेळी केलेली असली पाहिजे, मूळ असली पाहिजे आणि अचूक असली पाहिजे. उत्तम. आणि मग सॉफ्टवेअरवाले आले आणि म्हणाले, आमची वही घ्या, हे पाचही प्रश्न सुटतील. कारण आमच्या वहीत खोडताच येत नाही. कुणी, कधी, काय बदललं याची ऑडिट ट्रेल आपोआप तयार होते.

खरं आहे. आणि म्हणूनच मी या वहीच्या बाजूचा आहे. ती एक आडवी रेघ, जिच्याखालचा आकडा वाचता येतो, ती मशीन न विसरता मारतं. माझ्या त्या पोराकडे अशी वही असती आणि त्याने पहिला आकडा तिच्यात टाकलेला असता, तर मला 'आठवत नाही' म्हणताच आलं नसतं.

पण पहिला आकडा तिच्यात पडला पाहिजे ना! सगळं घोडं तिथेच पेंड खातं. ऑडिट ट्रेल टॅबवर बोट टेकलं त्या क्षणापासून सुरू होते. त्याच्या आधी टिश्यूवर काय झालं ते तिला माहीत नाही. कॉम्प्युटर आला म्हणून कच्ची वही संपते असंही नाही. एचपीएलसी मशीनवर खऱ्या तपासणीआधी 'ट्रायल' म्हणून तेच सँपल गुपचूप चालवून बघायचं, आकडा जमला तर मग अधिकृत इंजेक्शन द्यायचं, ही युक्ती एफडीएच्या पत्रांमध्ये वारंवार आली आहे. सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड, तो मॉनिटरला चिकटवलेला. कॉम्प्युटरचं घड्याळ मागे करणं. हे कागदावर नव्हे, मशीनवर झालेलं आहे. मशीन बदललं, माणसं तीच, अकरावीत जर्नल उतरवलेली.

*

दुसरी गोष्ट शेऱ्यांची. माझ्या वहीच्या समासात मी काहीबाही लिहायचो. आज पाऊस आहे, खोलीत दमट आहे, काट्याचा आकडा सरकतोय. या लॉटच्या पावडरीला नेहमीपेक्षा वेगळा वास. एकदा पाण्याचं प्रमाण वारंवार जास्त येण्याचा शोध घेताना, समासातल्या पावसाच्या त्या नोंदींनीच धागा मिळाला. दोष मालात नव्हता, पावसाळ्यात बाटली उघडी राहायची.

भाच्याला विचारलं, तुमच्या टॅबमध्ये असं लिहायला जागा आहे का? आहे म्हणे, 'कॉमेंट' नावाचा चौकोन आहे. पण कुणी लिहीत नाही. का? तर कॉमेंट टाकली की वरून विचारणा होते, मग खुलासा, मग चौकशीचा फॉर्म. त्यामुळे सगळे 'काही नाही' निवडून पुढे जातात. म्हणजे बघणाऱ्या माणसाचं तोंड आपण आधी बंद केलं आणि मग म्हणतो की नोंद स्वच्छ झाली!

तिसरी गोष्ट, टिकण्याची. तुमच्यापैकी ज्यांनी नव्वदच्या दशकात श्रीलिपीत किंवा आकृतीत मराठी टाइप केलं, त्यांनी ती फाइल आज उघडून बघा. तो फॉन्ट नसेल तर अक्षरांच्या जागी किडेमुंग्या दिसतात. ती फाइल कुणी खोडली नाही, कुणी फाडली नाही, तरी वाचता येत नाही. उलट मायकेल फॅरेडेची डायरी, सोळा हजारांहून जास्त क्रमांक घातलेल्या नोंदींची, दीडशेच्या वर वर्षं झाली तरी माणसं वाचतात. मेरी क्यूरीच्या वह्या तर अजून किरणोत्सारी आहेत, शिशाच्या पेटीत ठेवाव्या लागतात, पण वाचता येतात. वही विकणारी कंपनीच उद्या बुडाली तर आपल्या दहा वर्षांच्या नोंदी कुठल्या स्वरूपात परत मिळतील, हा प्रश्न खरेदीच्या मीटिंगमध्ये कुणी विचारतं का? विचारत असेल तर मी टोपी काढतो.

*

मग करायचं काय? नुसती टीका करून उठणारे खूप असतात, तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात सांगतो.

जिथे आकडा जन्माला येतो तिथे वही पोचली पाहिजे. काट्याजवळ, ब्युरेटजवळ, भट्टीजवळ. काटा थेट जोडता आला तर उत्तमच, मधला माणूसच नको. पैसे वाचवायला दहा जणांत दोन टॅब देणार असाल, तर तुम्ही टिश्यू पेपर विकत घेताय हे लक्षात ठेवा.

प्रत्येकाचं स्वतःचं लॉगिन. आणि नोंदी पुसायचा अधिकार लॅबच्या साहेबाकडे तर नाहीच नाही.

चुकलेलं रीडिंग भरणाऱ्याला शिक्षा नको. हे सगळ्यात महाग आहे आणि कुठल्याच सॉफ्टवेअरच्या किमतीत धरलेलं नसतं. महिन्याच्या शेवटी 'एकही चूक नाही' म्हणून ज्याला टाळ्या मिळतात, त्याच्याकडे मी आधी संशयाने बघेन. हाताने काम करणाऱ्या माणसाची एकही चूक होत नाही, असं आयुष्यात पाहिलेलं नाही.

आणि कॉलेजवाल्यांनो, हात जोडून सांगतो, फेअर जर्नल बंद करा. एकच वही ठेवा, तीच प्रयोगाच्या टेबलावर, तिच्यावरच सही. तिच्यावर ॲसिडचे डाग पडू द्या. तीन रीडिंग सारखी आली तर मार्क कापा. १०.१, १०.३, १०.० आली आणि पोरीने का आली असतील ते दोन ओळींत लिहिलं, तर पूर्ण मार्क द्या. उद्या तुमच्याकडेही जर्नल कॉम्प्युटरवर येईल. तेव्हा ताईचं जर्नल उतरवायला रात्रभर जागायलाही लागणार नाही, एका क्लिकमध्ये सर्टिफाइड!

आमच्या गावच्या पैठणीची एक खूण जाणकार सांगतात. हातमागावरच्या खऱ्या पैठणीचा पदर उलटून बघा, मागूनही नक्षी पुढच्यासारखीच दिसते. मागे लोंबणारे धागे लपवायला अस्तर लागत नाही. नोंदीचंही मला एवढंच म्हणायचं आहे. मागची बाजू बघू द्या.

भाचा निघाला तेव्हा मी तो टिश्यूचा तुकडा त्याच्या हातात दिला. म्हटलं, "हा नेऊन तुझ्या साहेबाला दाखव. सांग की टॅब काट्यापाशी पाहिजे."

तो म्हणाला, "मामा, नोकरी घालवता का माझी?"

मी काही बोललो नाही. काय बोलणार? कुठल्या तोंडाने? त्याने तुकडा घडी घालून पाकिटात ठेवला, फेकला नाही. पाया पडला आणि संभाजीनगरच्या गाडीत बसला.

परवा फोन आला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "मामा, ते १३.१ टाकलं. कॉमेंटमध्ये. उशिरा टाकतोय असं लिहून टाकलं."

"मग?"

"मग काय, खुलासा मागितलाय. लिहितोय."

असो. त्याचं पुढे काय होतं ते बघायचं. पण यावेळी त्याच्या साहेबाने जर 'मला आठवत नाही' म्हटलं, तर मशीनला आठवेल. एवढ्यासाठी तरी ही नवी वही आलेली मला हवी आहे.